फराळाच्या कृती ग्रॅममध्ये छापा, आणि कोजागिरीच्या आधी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर आपल्या पुरवणीत फराळाच्या कृती येतात. खेड्यापाड्यांत त्या वाचल्या जातात, कापून वहीत चिकटवल्या जातात. म्हणूनच त्यांच्याबद्दल दोन मागण्या करायच्या आहेत. पहिली, मापे वाटी-चमच्याऐवजी ग्रॅममध्ये द्यावीत आणि पदार्थ बिघडतो तो कशाने, हेही प्रत्येक कृतीखाली लिहावे. दुसरी मागणी पुरवणीच्या तारखेची आहे, ती शेवटी लिहिते.

घरात खायचा फराळ थोडा बिघडला तर खपून जातो. लेकीच्या सासरी जाणारा डबा, भाऊबिजेला भावासोबत द्यायचा डबा, सालदाराच्या आणि गुराख्याच्या घरी द्यायचा वाटा, पुण्या-मुंबईला शिकणाऱ्या पोरांना पाठवायचे पार्सल यांचे तसे नाही. तो पदार्थ एसटीत हादरे खाऊन शाबूत पोचला पाहिजे आणि आठ-दहा दिवस खुसखुशीत राहिला पाहिजे. हल्ली गावातही चकचकीत कागदातले तयार खोके भेट म्हणून फिरू लागले आहेत. घरच्या डब्याची सर त्यांना येत नाही असे आमचे ठाम मत आहे, पण घरचा डबा तितकाच नीट झाला पाहिजे.

वाटीचा घोटाळा कुठे होतो ते सांगते. २०० मिलीच्या एकाच वाटीत मैदा सैल भरला तर साधारण ११० ग्रॅम बसतो, दाबून भरला तर १४०च्या वर जातो. त्याच वाटीत साखर १७० ग्रॅमच्या आसपास आणि पातळ तूप १८० ग्रॅमच्या आसपास मावते. शंकरपाळ्यांत एक वाटी दूध, एक साखर, एक तूप आणि मावेल तेवढा मैदा हे गणित हाताच्या अंदाजावर निभावते, कारण तिथे मैदा शेवटी भिजवत भिजवत घालायचा असतो. नानकटाईत तसे करता येत नाही. शिवाय बेकरीवाला सगळे काट्यावर मोजतो. त्याच्यापुढे वाट्यांचा कागद धरला की तो आपल्या अंदाजाने तूप घालतो आणि बिस्किटे त्याच्या मनासारखी होतात.

आपल्याकडे तालुक्याच्या आणि बाजाराच्या गावी अजून लाकडाच्या भट्ट्या आहेत. दिवाळीआधी घरून मैदा, साखर, तूप न्यायचे, किलोवर मजुरी द्यायची आणि टिनाचा डबा भरून बिस्किटे आणायची, ही रीत कित्येक घरांत चालत आली आहे. ईदेच्या आधीही त्याच भट्टीवर तशीच रांग लागते. ही रीत टिकावी असे मनापासून वाटते, म्हणून नानकटाईचे सविस्तर लिहिते.

एका खेपेचे प्रमाण असे: मैदा ८०० ग्रॅम, बेसन २०० ग्रॅम, बारीक सोजी (रवा) १०० ग्रॅम, तूप ६०० ग्रॅम, पिठीसाखर ५५० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, खायचा सोडा ५ ग्रॅम, दोन चमचे घट्ट दही आणि वेलचीपूड. २५ ग्रॅमचा गोळा धरला तर यात ९०च्या आसपास नानकटाया होतात. मैदा, बेसन, सोजी आणि सोडा दोनदा एकत्र चाळून घ्यावे. सोड्याची गुठळी राहिली तर तेवढ्या जागी पिवळा-तपकिरी डाग पडतो आणि साबणासारखी चव लागते. दह्याच्या आंबटपणाने सोडा कामाला लागतो, म्हणून दही वगळू नये आणि सोडाही वाढवू नये.

सगळी किमया तुपात आहे. तूप थिजलेले, रवाळ हवे. पातळ तुपात साखर फेसली जात नाही, हवा धरत नाही आणि भट्टीत गेल्यावर नानकटाई पसरून चपटी होते. आपल्याकडे ऑक्टोबरात दुपारी पारा ३३-३४च्या आसपास असतो, तेव्हा तूप भांड्यातच वितळते. फेसण्याचे काम पहाटे करावे, नाहीतर पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून करावे. म्हशीच्या दुधाचे तूप गाईच्या तुपापेक्षा जास्त तापमानाला वितळते, त्यामुळे या कामाला ते सोयीचे. तूप आणि पिठीसाखर हाताने एकाच दिशेने दहा-बारा मिनिटे फेसल्यावर रंग पांढरा होतो आणि मिश्रण हलके लागते. मग दही घालून चाळलेले पीठ घालावे आणि फक्त गोळा जमेल इतकेच एकत्र करावे. पोळीच्या कणकेसारखे मळले की मैद्याला चिवटपणा येतो आणि बिस्किट दगड होते. घरचे तूप नीट कढलेले नसेल, त्यात पाण्याचा अंश राहिला असेल, तरी हेच होते. असे तूप लवकर खवटही होते. गोळा अर्धा तास झाकून ठेवला की सोजी मुरते आणि वळताना कडा फुटत नाहीत.

भट्टीचे तंत्र आपल्या नानकटाईसाठी समजून घ्यावे लागते. भट्टी पेटवून तापली की निखारे ओढून काढतात आणि पुढचे सगळे भाजणे विटांत साठलेल्या उष्णतेवर होते. पहिल्या कडक तावावर पाव जातो. त्याला २२० अंशांच्या आसपास उष्णता लागते. नानकटाईला १६० ते १७० अंश पुरतात, म्हणजे पावाचे घाणे निघाल्यानंतरची वेळ आपली. बेकरीवाल्याकडे गर्दी असली की तो आपला ट्रे मधेच ढकलतो आणि नानकटाई वरून करपते, आत कच्ची राहते. म्हणून वेळ आधी ठरवून घ्यावी. परीक्षा सोपी आहे: ट्रेवर चिमूटभर मैदा टाकून आत ठेवावा. मिनिटभरात तो गडद तपकिरी झाला तर भट्टी अजून कडक आहे, पाच मिनिटांनी फिकट बदामी झाला तर योग्य आहे. १८ ते २२ मिनिटांत नानकटाई होते. वरून ती फिकटच दिसली पाहिजे, तळ बदामी झाला की काढायची. वरचा रंग येईपर्यंत थांबले की तळ काळा होतो. ट्रे पातळ पत्र्याचा असेल तर खाली दुसरा रिकामा ट्रे लावायला सांगावे.

बेकरीवाल्याला दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. एक, तो बिस्किटे फुलवायची अमोनियाची पूड घालतो का. पातळ, कोरड्या बिस्किटांत अमोनिया भाजताना पूर्ण उडून जातो आणि खुसखुशीतपणा छान येतो. जाड नानकटाईच्या पोटात मात्र त्याचा उग्र वास अडकून राहतो, डबा उघडला की नाकाला झोंबतो. दोन, तुपाऐवजी डालडा सुचवला तर काय करायचे. वनस्पती तूप साध्या तुपापेक्षा जास्त उष्णतेतही घट्ट राहते, म्हणून बिस्किट आकार सोडत नाही आणि कारागिराला ते सोपे जाते. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅट या अपायकारक चरबीवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, त्यामुळे घ्यायचेच असेल तर पाकीटबंद घ्यावे, सुटे घेऊ नये. आमचा कौल तुपालाच. भेटीत द्यायचे तर चार नानकटाया कमी द्या, पण तुपाच्या द्या.

ट्रे बाहेर आल्यावर पहिली दहा मिनिटे त्याला हात लावू नये. गरम नानकटाई मऊ असते, उचलली की तुटते, आणि मग कच्ची राहिली म्हणून बेकरीवाल्याशी भांडण होते. ती निवतानाच कडक होते. पूर्ण गार व्हायला दीड-दोन तास लागतात. तोवर डबा भरायचा नाही. ट्रेवर चुन्याने किंवा खडूने नाव लिहिण्यापेक्षा चिठ्ठी द्यावी. गर्दीच्या दिवसांत ट्रे बदलतात आणि तुपाची बिस्किटे डालड्यावाल्यांच्या घरी जातात.

भट्टी जवळ नसेल तर जाड बुडाच्या कढईत किंवा कुकरमध्ये अर्धा किलो जाड मीठ पसरून, त्यावर स्टँड ठेवून होतात. कुकरची रिंग आणि शिट्टी काढून ठेवायची, दहा मिनिटे तापवायचे आणि मंद आचेवर २०-२५ मिनिटे भाजायचे. एका वेळी सहा-सातच मावतात. घरच्यापुरते ठीक, वाटायचे असेल तर गॅस आणि वेळ दोन्ही परवडत नाही.

ज्वारीची बिस्किटेही भट्टीवर छान होतात आणि ज्वारी पिकवणाऱ्या भागातून ती भेट म्हणून जावीत असे फार वाटते. ज्वारीच्या पिठाला धरून ठेवणारा चिकटपणा नसतो, म्हणून नुसत्या ज्वारीचे बिस्किट एसटीत भुगा होते. निम्मी कणीक घालावी. ज्वारी २५० ग्रॅम, कणीक २५० ग्रॅम, तूप २६० ग्रॅम, कोरडी गूळपावडर २५० ग्रॅम. दळण ताजे हवे, जुन्या पिठाला कडवट चव येते. गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून ही नानकटाईच्या नंतर, आणखी उतरत्या आचेवर लावावीत. गूळ हवेतली ओल ओढतो, त्यामुळे या बिस्किटांचा डबा घट्ट झाकणाचाच हवा.

आता अनारसे. तळलेले अनारसे पाठवण्यापेक्षा अनारशाचे पीठ भेट द्यावे. पीठ दोन-तीन आठवडे टिकते, उलट मुरल्यावर अधिक चांगले होते, प्रवासात तुटत नाही आणि ज्याच्या घरी जाईल तिथे ताजे अनारसे तळले जातात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या धानाच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास नवा तांदूळ येऊ लागतो, पण तो यासाठी घेऊ नये. तो चिकट होतो. मागच्या वर्षीचा जाड तांदूळ घ्यावा. एक किलो तांदूळ तीन दिवस भिजवायचा आणि पाणी रोज बदलायचे. पाणी बदलायचे राहिले तर आंबूस वास पुढे तळतानाही जात नाही. चौथ्या दिवशी उपसून सावलीत कापडावर तास-दीड तास पसरायचा. मुठीत धरल्यावर हात ओला होऊ नये, पण दाणा आतून ओलसर असावा. गिरणीवाला ओला तांदूळ घेत नाही, दळणाचे दगड भरतात, त्यामुळे खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये थोडा थोडा दळून मैद्याच्या चाळणीने चाळायचा. किलोभर तांदळाला साधारण पाऊण किलो मऊ गूळ किसून घालायचा. चिक्कीचा गूळ चालत नाही. दोन चमचे तूप लावून, गोळे दाबून डब्यात भरायचे आणि निदान चार-पाच दिवस हलवायचे नाही.

सोबत एक चिठ्ठी द्यावी, कारण अनारसा कढईत हसला, म्हणजे विरघळून पसरला, की पाठवणारीलाच बोल लागतो. चिठ्ठीत एवढे लिहावे: पुरी खसखशीवर थापा, तुपात सोडताना खसखशीची बाजू वर ठेवा, उलटू नका, झाऱ्याने वरून तूप उडवा आणि काढल्यावर चाळणीत उभे करून निथळू द्या. अनारसा विरघळून पसरला तर गूळ जास्त झाला किंवा पीठ ओले राहिले. गोळ्यात मूठभर कोरडे तांदळाचे पीठ मिसळून काही तास ठेवा. तूप पुरेसे तापलेले नसले तरी हसतो, म्हणून आधी एकच सोडून पाहा. जाळी पडली नाही आणि कडक झाला तर पीठ कोरडे आहे, चमचाभर दूध किंवा जरा पिकले केळे लावा. दूध-केळे लावलेले पीठ त्याच दिवशी संपवा.

बेसनाच्या लाडवांचे थोडक्यात सांगते. जाडसर बेसन ५०० ग्रॅम, तूप २५० ग्रॅम, पिठीसाखर ३५० ग्रॅम, मंद आचेवर ३५-४० मिनिटे भाजणे. घाईने मोठ्या आचेवर भाजले की रंग येतो पण बेसन कच्चे राहून टाळूला चिकटते. गरम बेसनात साखर घातली की ती वितळते आणि लाडू बसतात. कोमट झाल्यावर घालावी. बेसन फुलावे म्हणून काहीजणी दुधाचा हबका मारतात. घरी खायला हरकत नाही, लांब पाठवायच्या लाडवांना मारू नये.

चिवडा मऊ पडतो तो बहुधा सांभार (कोथिंबीर), कढीपत्ता आणि हिरव्या मिरचीमुळे. पोह्यांना दोष देऊ नये. ही पाने आणि मिरची चुरचुरीत होईपर्यंत तळली नाहीत तर त्यांतली ओल दोन दिवसांत सगळ्या चिवड्यात उतरते. भेटीच्या चिवड्यात सांभार घालूच नये. ५०० ग्रॅम पातळ पोह्यांना १२५ ग्रॅम फल्लीदाणे (शेंगदाणे), १०० ग्रॅम डाळवे आणि १२५ ग्रॅम तेल पुरते. परतीचा पाऊस लांबला असेल तर पोहे उन्हात वाळवूनही भरवसा नसतो, कढईत मंद आचेवर हलवून घ्यावेत. जवसाचे लाडू आपल्या भागाची ओळख आहेत, पण भाजून कुटलेल्या जवसाचे तेल हवेने लवकर खवट होते. ते आठ-दहा दिवसांत संपतील अशाच घरी द्यावेत.

डबा भरताना गोड आणि तिखट एकत्र करू नये. चिवड्याचा वास नानकटाई लगेच ओढून घेते, आणि अनारशाच्या ओलीने तिच्या शेजारचे सगळे मऊ होते. नानकटाया आडव्या थराने रचण्याऐवजी उभ्या लावाव्यात, मधे बटर पेपर घालावा, डब्यात हलायला जागा राहिली तर पिशवीत बांधलेले मुरमुरे दाबून भरावेत. आणि एक गोष्ट वृत्तपत्रातच छापून यावी असे फार वाटते: फराळ वर्तमानपत्राच्या कागदात बांधू नये, चकल्यांचे तेल टिपायलाही तो वापरू नये. छपाईची शाई तेलकट पदार्थात उतरते. २०१८च्या पॅकेजिंग नियमांनी खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला मनाई केलेली आहे. आपल्या पुरवणीत ही ओळ दरवर्षी ठळक छापली तर तिचे वजन आमच्या सांगण्यापेक्षा जास्त पडेल.

डब्यावर केल्याची तारीख लिहावी. त्याखाली काय काय घातले ते लिहावे, विशेषतः फल्लीदाणे, तीळ, काजू, दूध. कुणाला दाण्यांची ॲलर्जी असते, कुणाला साखर वर्ज्य असते. हाच फराळ विकायचा झाला तर २००६च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली परवाना किंवा नोंदणी लागते, भेट द्यायला लागत नाही. बऱ्याच बचत गटांत हा फरक माहीत नसतो. मागणी वाढली की भेटीचे काम विक्रीचे कधी होते ते कळत नाही, म्हणून हे आधीच माहीत असलेले बरे.

वेष्टणाचा खर्च गावातच राहावा. बुरडाच्या हातची बांबूची टोपली घ्यावी आणि तिचे मोल घासाघीस न करता द्यावे. नवी टोपली ओलसर असते. दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवून, आत बटर पेपर लावूनच भरावी, नाहीतर तळाला बुरशी धरते. पळसाच्या पानांचे द्रोण वाळलेले घ्यावेत, हिरवे घेऊ नयेत. सुती कापडाची पिशवी शिवली तर कापड आधी धुऊन खळ काढून टाकावी.

आणखी एक गोष्ट बोलून दाखवायची आहे. दिवाळी येते ती सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या ऐन धांदलीत. बायका दिवसभर वावरात असतात आणि रात्री कढईसमोर बसतात. पुरवणीतली अकरा पदार्थांची ताटे पाहून तेवढे सगळे करायचा धाक पडतो. भेटीला दोनच पदार्थ पुरतात, एक भट्टीचा आणि एक घरचा. भट्टीवर पीठ-तूप नेणे, रांगेत थांबणे, डबे भरणे, वजन करणे ही कामे घरच्या पुरुषांनी आणि पोरांनी करावीत. कृतीच्या मथळ्याखाली "गृहिणींसाठी" असे छापणे बंद केले तरी खूप होईल.

दुसरी मागणी पुरवणीच्या तारखेची. आपली फराळाची पुरवणी वसुबारसेच्या आसपास हाती पडते. अनारशाला तांदूळ भिजवण्यापासून पीठ मुरेपर्यंत आठ-नऊ दिवस लागतात. भट्टीवरची वेळ दहा दिवस आधी धरावी लागते. पार्सल वेळेवर पोचायचे तर ते धनत्रयोदशीच्या चार-पाच दिवस आधी निघायला हवे. विदर्भात मुलींचा भुलाबाईचा सण कोजागिरीला संपला, भुलाबाई उठल्या, की घरोघर फराळाचा हिशेब सुरू होतो. तेव्हा यंदाची पुरवणी कोजागिरीच्या आधी काढावी. पहिल्या पानावर अनारसे आणि भट्टीची बिस्किटे घ्यावीत, चिवडा-शेव आणि करंज्या नंतरच्या आठवड्यात छापल्या तरी चालतील. मापे ग्रॅममध्ये असावीत.

आपल्या वाचक,
फराळाचे काम करणाऱ्या काही महिला
ता. हिंगणघाट, जि. वर्धा